पाऱ्याचा हिशेब

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्रकल्पाचा विषय निवडायची वेळ आली तेव्हा आमच्या वर्गातल्या बहुतेकांनी केळी धरली. जळगावात सूक्ष्मजीवशास्त्र शिकायचं म्हणजे केळीच्या मुळाजवळचे जिवाणू, केळीच्या खोडाचं खत, केळीच्या सालीचं अल्कोहोल. त्याच्या फारसं पलीकडे कुणी जात नाही. नमुना फुकट मिळतो, मार्गदर्शकही खूश. मला मात्र पारा घ्यायचा होता. मिनामाताचं प्रकरण वर्गात शिकवलं तेव्हापासून ते डोक्यात बसलं होतं. जपानमधल्या त्या खाडीत चिसो कंपनीच्या कारखान्याचं सांडपाणी वर्षानुवर्षं सुटत होतं. त्यातला मिथिल पारा (पाऱ्याचं अतिशय विषारी सेंद्रिय रूप) माशांत गेला, माशांतून मांजरांत आणि माणसांत. १९५६ साली त्या आजाराची अधिकृत नोंद झाली. शिवाय आमच्याकडे पारा शोधायला जपानला जायची गरज नाही. जळगाव म्हणजे सोन्याची पेठ, आणि सोन्याच्या पेठेमागे झारेकरी असतातच.

बाहेरच्यांना झारेकरी ठाऊक नसतील. सोनाराच्या दुकानातली झाडलोट, मुशीची राख, कारागिरांनी हात धुतलेलं पाणी, बैठकीखालची धूळ हे सगळं ते विकत घेतात आणि त्यातून सोनं-चांदी काढतात. धूळ पाण्यात खळबळली की हलकं वाहून जातं, जड खाली बसतं. त्यात पारा घोळला की सोन्याचे बारीक कण पाऱ्याला धरतात. फडक्यातून पिळलं की मोकळा पारा बाहेर येतो आणि मऊ, राखाडी गोळा आत राहतो. गोळा तापवला की पारा उडतो, सोनं उरतं. जगभरातल्या छोट्या सोन्याच्या खाणींत हेच चालतं, आणि माणसाच्या हातून हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सगळ्यात मोठा वाटा तिथूनच येतो. त्याच्या खालोखाल दगडी कोळसा. भुसावळकडे जाता-येता दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या बघतच आम्ही मोठे झालो, पण कोळशात पारा असतो हे मला एम.एस्सी.ला आल्यावर कळलं.

माझ्या मार्गदर्शक मॅडमनी विषयाच्या अर्जावर सही करायच्या आधी विचारलं, "जिवाणू पाण्यातला पारा काढतात, मान्य. काढून ठेवतात कुठे?"

मी पाठ केलेलं उत्तर दिलं. पाऱ्याला न जुमानणाऱ्या जिवाणूंकडे 'मेर' नावाचा जनुकांचा संच असतो. त्यातलं एक जनुक पहारेकऱ्याचं काम करतं. पारा नसेल तर संच बंद, पारा आला की चालू. दोन-तीन प्रथिनं विद्राव्य पारा पेशीच्या आत ओढून घेतात. विष मुद्दाम घरात घ्यायचं हे ऐकायला विचित्र वाटतं, पण आत घेतल्याशिवाय पुढचं काम होत नाही. आत मर्क्युरिक रिडक्टेज नावाचं विकर (एन्झाइम) बसलेलं असतं. ते विद्राव्य पाऱ्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याचा साधा, धातुरूप पारा करतं. काही जिवाणूंकडे आणखी एक विकर असतं, ते मिथिल पाऱ्यासारख्या संयुगातला कार्बन आणि पाऱ्यामधला बंध तोडतं. धातुरूप पारा पेशीत टिकत नाही, झिरपून बाहेर येतो आणि पाण्यातून वाफ होऊन निघून जातो.

"म्हणजे हवेत," मॅडम म्हणाल्या. "आपल्या लॅबच्या हवेत. ती हवा तू आणि मी घेणार."

सही त्यांनी केली, पण अट घातली. फ्लास्कमध्ये जेवढा पारा टाकला तेवढा शेवटी कागदावर दिसला पाहिजे. पाण्यात किती राहिला, पेशींना किती चिकटला, वाफ होऊन किती गेला. 'जिवाणूंनी इतके टक्के पारा काढला' एवढंच लिहिलेला प्रबंध त्या तपासणारच नव्हत्या. तेव्हा मला हे फार वाटलं होतं. पाण्यातला पारा कमी झाला की झालं, एवढीच माझी समज. बहुतेक शोधनिबंधही तिथेच थांबतात, हे पुढे वाचताना लक्षात आलं.

नमुने दोन जागचे घेतले. पहिला तापीचा. आमचं गाव अमळनेर तालुक्यात, तापीच्या अंगाला. उन्हाळ्यात गिरणा-पांझरेची वाळू उघडी पडते तेव्हाही तापीच्या डोहांत पाणी असतं. काचेच्या निर्जंतुक बाटल्या आणि बर्फाचा डबा घेऊन मी काठावर बसले, तर गुरं पाजायला आलेले आमचे नाना येऊन उभे राहिले.

"हाई पानी कसाले भरी ऱ्हायनी व?"

सांगितलं. पाऱ्याचं ऐकून ते जरा सावध झाले, कारण जनावरं त्याच पाण्यावर. "तो किडा पारा खास का?" खात नाही, वेगळा करतो, असं काहीतरी मी बोलले. नाना म्हणाले, "मंग सोडी दे ना तापीमा." याचं उत्तर तेव्हा माझ्याकडे नव्हतं. पुढे मिळालं, आणि ते 'नाही' असं होतं.

दुसरा नमुना झारेकऱ्यांच्या धुण्याच्या हौदातला गाळ. एका काकांनी घेऊ दिला. आधी त्यांना वाटलं मी कुठल्यातरी खात्याकडून आलेय. कॉलेजचं ओळखपत्र दाखवलं, मॅडमशी फोनवर बोलणं करून दिलं, मग चहा आला. काकांचा पाऱ्याचा अभ्यास माझ्यापेक्षा जास्त होता. वडिलांच्या काळात गोळा उघड्या मुशीत तापवायचे, आता ते लोखंडी बंद भांड्यात तापवतात आणि वाफ नळीतून पाण्यात उतरवतात. तब्येतीसाठी नव्हे. "पारा महाग झाला ताई, उडवून कसं चालेल?"

तापीच्या पाण्यात पारा मोजता येईल इतका निघाला नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा लिटरला ०.००१ मिलीग्रॅम आहे, आणि त्याच्या खालचं मोजायला लागणारी काटेकोर व्यवस्था आमच्या आवाक्याबाहेरची होती. पण गंमत अशी, की त्याच तापीच्या पाण्यातून पाऱ्याला दाद न देणारे जिवाणू मात्र मिळाले. संख्येने थोडे, पण होते. मॅडमना त्याचं नवल वाटलं नाही. पारा पृथ्वीवर माणसाच्या आधीपासून आहे, ज्वालामुखीतून, खडकांतून येतोच. जिवाणूंनी त्याचा बंदोबस्त फार पूर्वी करून ठेवलाय. नदीत असे जिवाणू सापडले म्हणून नदी पाऱ्याने बाटली असं म्हणता येत नाही. ही एवढी गोष्ट कळली नसती तर मी प्रबंधात काय लिहिलं असतं, याचा विचार नको.

लॅबमधलं खरं काम मर्क्युरिक क्लोराइडच्या, म्हणजे पाऱ्याच्या विषारी क्षाराच्या, बाटलीपासून सुरू झालं. पांढरे, निरुपद्रवी दिसणारे खडे. बाटली कुलपात, किल्ली मॅडमकडे, प्रत्येक वजनाची वहीत नोंद. सूक्ष्मजीवशास्त्राच्या मुलांच्या हाताला एक सवय लागलेली असते: जे काही करायचं ते आधी ऑटोक्लेव्ह करायचं, म्हणजे दाबाखालच्या गरम वाफेत निर्जंतुक करायचं. पाऱ्याला ते चालत नाही. वाफेबरोबर पारा खोलीभर होईल. त्यामुळे जिवाणू वाढवायचं पोषक माध्यम आधी निर्जंतुक करायचं, हाताला सोसवेल इतकं निवू द्यायचं आणि मग गाळलेलं पाऱ्याचं द्रावण घालून प्लेट ओतायची. वापरून झालेल्या प्लेटाही ऑटोक्लेव्हमध्ये टाकायच्या नाहीत. जंतुनाशकात बुडवून मारायच्या, पिशवीत सील करायच्या आणि घातक कचऱ्याच्या डब्यात. तो डबा माझ्या टेबलाखाली होता आणि भरत चालला होता.

प्लेटांवर पाऱ्याचं प्रमाण वाढवत नेलं. ५ पीपीएमला (दहा लाख भागांत पाच) हौदाच्या गाळातलं अख्खं गाव वाढलं. २५ ला पातळ झालं. ५० ला मोजक्या कॉलनी राहिल्या, त्यातली एक हिरवट, कडा पसरलेली, उघडल्यावर द्राक्षासारखा वास. स्युडोमोनास जातीचा जिवाणू असणार हे वासावरूनच कळलं. जनुकीय चाचणी पुढे बाहेरून करून घेतली, तिनेही तेच सांगितलं. इथे एक गोष्ट नवख्यांसाठी सांगून ठेवते. पोषक माध्यमातली प्रथिनं पाऱ्याला घट्ट धरतात. प्लेटवर ५० लिहिलं म्हणून जिवाणूच्या वाट्याला ५० येतात असं नाही. त्याच जिवाणूला कमी पोषक माध्यमावर टाकलं की त्याची मर्दुमकी बरीच उतरते. माझ्या हिरव्याचीही उतरली, पण शेजारी ठेवलेल्या साध्या ई. कोलाय या आतड्यातल्या नेहमीच्या जिवाणूपेक्षा तो कितीतरी पुढे होता.

आता तो खरंच पाऱ्याची वाफ करतो की नुसता अंगाला चिकटवून बसतो, हे बघायचं होतं. त्यासाठी एक फार देखणी पद्धत आहे. एक्स-रेच्या फिल्मवर चांदीच्या क्षारांचा थर असतो. पाऱ्याची वाफ त्या थराला लागली की फिल्म तिथे काळवंडते, जणू प्रकाश पडलाय. छोट्या खळग्यांच्या ताटलीत जिवाणू आणि पारा ठेवायचा, वरून अंधारात फिल्म झाकायची, तासा-दीडतासाने धुऊन बघायची.

पद्धत १९८० च्या दशकातली. तेव्हा फिल्म कुठल्याही दवाखान्यात मिळायची. आता जळगावात जिथे जावं तिथे डिजिटल. हाडांच्या डॉक्टरांकडे, दातांच्या डॉक्टरांकडे, सगळीकडे विचारून झालं; लोक माझ्याकडे फ्लॉपी डिस्क मागायला आल्यासारखं बघायचे. शेवटी अमळनेरला एक जुने एक्स-रेवाले मिळाले. त्यांच्या कपाटात मुदत संपलेल्या फिल्मचा एक डबा, आणि घराच्या मागच्या खोलीत बंद पडलेली डार्करूम. डबा त्यांनी दिलाच, डार्करूमही झाडून दिली. डेव्हलपर-फिक्सरची पावडर औरंगाबादहून, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरहून मागवली.

जिवाणू आणि पारा घेऊन एसटीने अमळनेरला जायचं हे मॅडमनी साफ फेटाळलं, बरोबरच केलं. मग उलटं झालं. लॅबची एक बिनखिडकीची खोली काळ्या प्लॅस्टिकने झाकली, लाल बल्ब लावला आणि एक्स-रेवाले काकाच जळगावला आले. निवृत्तीनंतर त्यांना कुणी कामाचं विचारलं नव्हतं. इस्त्रीचा शर्ट घालून, स्वतःच्या चिमट्यांसह आले. ताटलीत पहिल्या ओळीत माझा हिरवा, दुसरीत तापीचे दोन, तिसरीत ई. कोलाय, चौथीत नुसतं पाऱ्याचं पाणी. काकांनी अंधारातच फिल्मची चिकट बाजू बोटाने ओळखली, ती खाली करून ठेवली आणि वर वजनाला माझंच जाडजूड पुस्तक ठेवलं.

फिल्म डेव्हलपरच्या ट्रेमध्ये सरकवल्यावर आधी सगळीच करडी व्हायला लागली. माझ्या पोटात गोळा आला. काका शांत. "जुनी फिल्म, तेवढा धुरकटपणा येणारच. थांब जरा." मग पहिल्या ओळीच्या जागी गोल, काळे ठिपके उमटले, कडेला पसरट, मध्ये गडद. तापीच्या दोनपैकी एकाचा ठिपका फिका आला, दुसऱ्याचा नाहीच. ई. कोलाय आणि नुसत्या पाण्याच्या जागी तोच जुनाट करडेपणा. काकांनी फिल्म लाल दिव्याकडे धरून, फ्रॅक्चर दाखवावं तसं बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, इथून निघालं."

तो ठिपका म्हणजे मॅडमच्या प्रश्नाचा अर्धा जबाब होता. पारा वर जातो हे डोळ्यांनी दिसलं. किती जातो ते मोजायचं बाकी होतं.

त्यासाठी बंद फ्लास्क बांधला. एका नळीने आत गाळलेली हवा, दुसऱ्या नळीने बाहेर येणारी हवा आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटच्या दोन बाटल्यांतून. परमँगनेट पाऱ्याची वाफ पकडून पुन्हा विद्राव्य करतं. जांभळा रंग तपकिरी व्हायला लागला की बाटली बदलायची. असे फ्लास्क एकाच वेळी तीन: एकात जिवंत जिवाणू, एकात तेच जिवाणू मारून, एकात नुसतं माध्यम आणि पारा.

मोजणीसाठी नमुने बाहेरच्या एका खाजगी प्रयोगशाळेकडे पाठवायचे होते. पद्धत ठरलेली आहे: नमुन्यातला सगळा पारा आधी विद्राव्य करायचा, मग स्टॅनस क्लोराइड घालून त्याची वाफ करायची आणि ती वाफ २५३.७ नॅनोमीटरचा प्रकाश किती शोषते ते बघायचं. म्हणजे यंत्रही शेवटी तेच करतं जे माझा हिरवा करतो, फक्त रसायन वापरून. कुरिअरवाल्याने आम्ल घातलेल्या बाटल्या नाकारल्या, ते एक वेळ समजलं. म्हणून वर्गमित्राचे भाऊ कारने निघाले होते, त्यांच्याबरोबर पाठवल्या. काचेच्या बाटल्या, नायट्रिक आम्ल घालून, झाकणं टेपने बंद. प्रयोगशाळेने त्या उघडून आपल्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत ओतल्या, आम्ल न घातलेल्या पाण्याने पातळ केल्या आणि 'मशीन बिझी आहे' म्हणून ठेवून दिल्या. पारा भांड्याच्या भिंतीला, विशेषतः प्लॅस्टिकला चिकटतो आणि प्लॅस्टिकमधून निसटतोही. अहवाल आला त्यात नुसत्या माध्यमाच्या फ्लास्कमधलाही बराचसा पारा गायब. जिवाणू नसताना! पैसे भरलेले, अहवालावर गोल शिक्का, आणि आकडे कचऱ्यात टाकायच्या लायकीचे. फोन केला तर समोरून उत्तर, "मॅडम, प्रोसिजरप्रमाणेच केलंय."

नुसत्या माध्यमाचा तो तुलनेचा (कंट्रोल) फ्लास्क ठेवला नसता तर हाच अहवाल माझ्या जिवाणूंच्या पराक्रमाचा पुरावा म्हणून छापला गेला असता. दुसऱ्या प्रयोगशाळेत नमुने पाठवताना मॅडम आणि मी स्वतः गेलो, आणि मोजून होईपर्यंत बाकावर बसून राहिलो.

त्या वेळचे आकडे जुळले. जिवंत जिवाणूंच्या फ्लास्कमधला निम्म्याहून जास्त पारा परमँगनेटच्या बाटल्यांत सापडला, थोडा पेशींबरोबर खाली बसलेला, थोडा पाण्यात. मेलेल्या जिवाणूंनीही पाण्यातला पारा कमी केला होता, पण तो सगळा त्यांच्या अंगाला चिकटलेला. बाटल्यांत काही नाही. नुसतं पाण्याचं विश्लेषण केलं असतं तर जिवंत आणि मेलेले यांत फारसा फरक दिसला नसता. काही भाग आधी सापडतच नव्हता. नळ्या आम्लाने धुतल्यावर त्यातलाही बराच मिळाला.

एवढं झाल्यावर नानांच्या सूचनेकडे वळलो, म्हणजे नदीच्या पाण्याकडे. तापीचं पाणी आणून त्यात मोजून पारा घातला आणि हिरवा सोडला. माध्यमात एका दिवसात काम संपवणारा हा पठ्ठ्या नदीच्या पाण्यात सुस्त पडला. खायला काही नाही. शिवाय नदीच्या पाण्यात कुजलेल्या पाल्याचे, मातीचे सेंद्रिय पदार्थ असतात, ते पाऱ्याला धरून बसतात आणि जिवाणूच्या हाती लागू देत नाहीत. थोडा गूळ विरघळवून घातला तर तो उठला, पण सोबत नदीतले बाकीचे सगळेच उठले, आणि सगळ्यांनी मिळून पाण्यातला ऑक्सिजन संपवला.

मॅडम इथे पहिल्यांदा जोरात बोलल्या. ऑक्सिजन नसलेल्या गाळात दुसरी जमात कामाला लागते. सल्फेटवर जगणारे काही जिवाणू पाऱ्याला मिथिल गट जोडतात, म्हणजे मिनामाताचं विष स्वतःच तयार करतात. त्यासाठी लागणारी दोन जनुकं २०१३ साली ओळखली गेली. तेव्हा नदीत गूळ आणि जिवाणू ओतायचे, वरून पारा उडेल अशी आशा करायची, आणि खाली गाळात मिथिल पारा शिजत ठेवायचा, असला धर्म नको. आमच्या छोट्या भांड्यात मिथिल पारा झाला की नाही ते मोजायची सोय नव्हती. प्रयोग तिथेच थांबवला.

आणखी एक गोष्ट निघाली. माझा हिरवा अँपिसिलिनला दाद देत नव्हता, आणखी दोन प्रतिजैविकांनाही नाही. पाऱ्याची जनुकं बऱ्याचदा उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर असतात आणि त्याच तुकड्यावर प्रतिजैविकांना तोंड देणारी जनुकंही बसलेली असतात. ती एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. हे सगळं नानांना सांगितलं, जमेल तसं. नाना म्हणाले, "मंग शिकीसन काय फायदा?" यावर सगळं घर हसलं, मीही.

फायदा झाला तो हौदापाशी. पारा जिथे मूठभर पाण्यात दाट आहे तिथेच तो पकडायचा. नदीत पसरल्यावर नाही. जर्मनीत क्लोर-अल्कली (मिठापासून क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) कारखान्याच्या पाऱ्याच्या सांडपाण्यासाठी स्युडोमोनासचा थर वाढवलेल्या टाक्या खरोखर चालवून झाल्यात. आमचं त्यापुढे खेळणंच. सोडियम अल्जिनेटमध्ये (समुद्री शेवाळापासून मिळणारा चिकट पदार्थ) जिवाणू कालवून, सुई काढलेल्या सिरिंजने कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब थेंब सोडायचा. भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी होतात, आत जिवाणू अडकलेले. ते काचेच्या उभ्या नळीत भरले, खालून हवा, वरून झारेकऱ्याचं पाणी, आणि बाहेर पडणारी हवा गंधक लावलेल्या कोळशातून. गंधक पाऱ्याला धरून ठेवतं. हवा सोडणं चैन नव्हे. धातुरूप पाराही पाण्यात लिटरला सुमारे ६० मायक्रोग्रॅमपर्यंत विरघळून राहतो, म्हणजे पिण्याच्या मर्यादेच्या साठ पट. बुडबुड्यांनी तो बाहेर हाकलावाच लागतो. आमचा मे महिना इथे कामी आला. पाऱ्याची वाफ दर दहा अंशांना दुपटीहून जास्त वाढते, आणि जळगावच्या पंचेचाळीस अंशांत ती अडवायला कोळसा नसता तर नळीजवळ उभं राहणं वेडेपणाचं होतं.

पहिल्याच भरतीला मणी मेले. पारा अपेक्षेइतकाच होता. मग काय? सामू बघितला तर पाणी जळजळीत आम्ल; सोनं शुद्ध करायला झारेकरी काका नायट्रिक आम्ल वापरतात. चुन्याची निवळी घालून ते मारलं. तरी मेले. मी लॅबमध्ये डोकं धरून बसले आणि काकांना सहज फोन केला. ते म्हणाले, "अगं चांदी असेल. मीठ टाकून बघ." आम्लात विरघळलेली चांदी मिठाने पांढरी होऊन खाली बसते, ती ते कायम तशीच काढतात, त्या खेपेला घाईत राहून गेली होती. चांदी जिवाणूंचा काळ आहे, हे मी तीन वर्षं पुस्तकात वाचत होते. मीठ टाकलं, ढगासारखा पांढरा साका बसला, तो काकांना परत केला (त्यांनी तोलून घेतला), आणि वरचं पाणी मण्यांवर सोडलं. या वेळी मणी जगले. खालून निघालेल्या पाण्यातला पारा बराच उतरला, नदीनाल्यात सोडायच्या सांडपाण्याची लिटरला ०.०१ मिलीग्रॅमची मर्यादा मात्र कधी गाठली, कधी हुकली. तांबं जास्त असलं की हुकायची.

काकांना यात रस होता तो कोळशात. "त्यातला पारा परत निघतो का?" निघतो, तापवला तर. पण ते त्यांनी करायचं नाही, कोळसा आमच्या घातक कचऱ्याच्या डब्यात येणार, असं मॅडमनी बजावलं. काकांना ते पटलेलं नाही. त्यांच्या मते जो माल त्यांच्या हौदातून गेला तो त्यांचा. खरं सांगायचं तर मला त्यांचा मुद्दा पूर्ण चुकीचा वाटत नाही. पारा परत मिळाला तर ते नळी स्वतःच्या खर्चाने लावतील. नाहीतर कॉलेजची मुलं येतात तोवर चालेल आणि मग नळी कोपऱ्यात जाईल. कोळसा गोळा करून अधिकृत ठिकाणी तापवून पारा परत करायची सोय झाली, तर भांडण मिटेल. तशी सोय मी तरी आमच्याकडे पाहिली नाही.

सध्या हे काम एक ज्युनियर मुलगा बघतो. मण्यांचा त्रास त्याच्या वाट्याला आलाय. कारागिरांच्या हात धुण्याच्या पाण्यात साबणाची पावडर असते, तिच्यातले फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतात आणि मणी मऊ होऊन विरघळतात. म्हणून तो मणी सोडून भाजक्या विटेच्या तुकड्यांवर जिवाणूंचा थर वाढवून बघतोय. वीट सच्छिद्र असते, स्वस्त असते, साबणाला भीत नाही. विटेला स्वतःला किती पारा चिकटतो ते त्याने आधी, जिवाणू न घालता, मोजून घ्यायला सुरुवात केलीय. विटा काकांनीच पाठवल्या, आणि रिक्षाचं भाडं त्याच्याकडून घेतलं.